पिल्लू पाहायला गेलो होतो

हत्ती म्हटला म्हणजे आमच्या मुलांना तो पुस्तकातल्या ‘ह’च्या चित्रातला माहीत. फार झाले तर सर्कशीतला. साकोली तालुक्यातल्या आमच्या लहानशा गावच्या शिवारात हत्ती येईल, असे आमच्या आजापणजांच्याही कधी मनात आले नसेल. पण २०२२ च्या हिवाळ्यात ते आले.

ओडिशा-छत्तीसगडकडून निघालेला हा वीसेक हत्तींचा रानटी कळप २०२१ च्या ऑक्टोबरात गडचिरोली जिल्ह्यात शिरला होता. वर्षभर तिकडच्या जंगलात फिरून तो गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे आला आणि तिथून आमच्या भंडारा जिल्ह्यात. दिवस कोणते, तर धान कापून बांधीत पुंजणे रचलेले. गावातली गडीमाणसे मशाली, डफडी, फटाके घेऊन रात्रभर जागली. सकाळी जाऊन पाहतो तो आमच्या थोरल्या काकांच्या बांधीत पुंजणा म्हणून काही उरलाच नव्हता. निम्मे धान खाल्लेले, निम्मे चिखलात तुडवलेले. वाचकहो, चार महिने कंबर मोडून केलेली रोवणी, निंदणी, कापणी एका रात्रीत मातीत गेली, की माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही. काका बांधावर नुसते बसून राहिले होते.

मुले मात्र पावलांचे ठसे पाहात फिरत होती. मोठे ठसे सुपाएवढे. त्या मोठ्या ठशांच्या मधोमध लहान ताटलीएवढी पावले उमटलेली आमच्या धाकटीला दिसली. ती ओरडली, “माय, पिल्लू पण आलं होतं!” तेव्हापासून तिने एकच धोशा लावला, पिल्लू पाहायचे.

काकांनी मात्र दुसरेच ठरवले. रानडुकरांसाठी म्हणून आणलेले तारेचे बंडल घरात पडून होते. “पुढच्या साली बांधावर तार लावतो आणि करंट सोडतो,” ते म्हणाले. आम्ही कोणीच काही बोललो नाही. खरे सांगायचे तर आमच्या मनातही तेच होते.

आमचे एक नातलग आलापल्लीला राहतात. त्यांनी सांगितले, “पिल्लू पाहायचं तर इकडं या. आमच्याकडं कमलापूरला सरकारी हत्ती कॅम्प आहे.” वनविभागाचा हा कॅम्प गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंचा वनविभागात आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत, मुलांच्या परीक्षा जवळ येण्याआधी, आम्ही दोन घरची दहा माणसे निघालो. भाड्याची जीप वर्गणी काढून केली. काका आधी येईनात. म्हणाले, “हत्ती पाहाले पैसे कायले घालता? मी तं फुकटात पाह्यलो ना बावा!” शेवटी नातवंडांनी ओढून बसवले तेव्हा आले.

शनिवारी पहाटे निघालो. सोबत पोळ्या, वांग्याची सुकी भाजी, जवसाची चटणी आणि भाताचा डबा. लाखांदूर, वडसा, आरमोरी, गडचिरोली असा रस्ता. पुढे चामोर्शी आणि आष्टी मागे टाकली की गाव विरळ होत जाते आणि जंगल दाट होत जाते. आलापल्लीच्या सागाचे नाव आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते उंच, सरळ साग पाहून काकासुद्धा खिडकीतून मान बाहेर काढून बसले. रात्रीचा मुक्काम नातलगांकडे केला. रविवारी सकाळी सिरोंचाच्या रस्त्याने रेपनपल्लीपर्यंत आणि तिथून आत कमलापूरला गेलो.

या जंगलात हत्ती कशाला आणले होते, हे आम्हाला तिथेच समजले. पूर्वी सागाची झाडे तोडली की ओंडके जंगलातून रस्त्यापर्यंत ओढून आणायला हत्ती लागत. जिथे गाडी जात नाही तिथे हत्ती जातो. पुढे ट्रॅक्टर, यंत्रे आली, तोडही कमी झाली आणि हत्तींचे काम सुटले. पण कारखाना बंद पडला म्हणून कामगार घरचा माणूस राहत नाही असे थोडेच आहे? हत्ती राहिले, त्यांचे महावत राहिले. आता लोक त्यांना पाहायला येतात.

कॅम्पाला लागूनच तलाव आहे. आम्ही पोचलो तेव्हा महावत हत्तींना आंघोळ घालत होते. हत्तीण पाण्यात आडवी पडलेली, महावत तिच्या कुशीवर उभा राहून पाठ घासतो आहे आणि ती मधूनच सोंडेने फवारा उडवते आहे. मुलांची हसून मुरकुंडी वळली. बसंती, मंगला, अजित, राणी, रूपा अशी त्यांची नावे. घरच्या माणसाला हाक मारावी तशी महावत हाक मारतात आणि एवढा मोठा देह वळून बघतो.

महावताने सांगितले की संध्याकाळी पायाला साखळी बांधून हत्तींना जंगलात चरायला सोडतात. सकाळी ती साखळी जमिनीवर जिथून फरफटत गेली असेल त्या खुणेवरून त्यांना शोधून आणायचे. चारा-पाणी बघणाऱ्या माणसाला इथे ‘चाराकटर’ म्हणतात. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास हिरवा चारा खातो. त्याशिवाय भात, गूळ, मीठ असा खुराक. हिवाळ्यात काही दिवस हत्तींना सुट्टी असते. तेव्हा जंगलातल्या औषधी वनस्पती उकळून त्या काढ्याने त्यांचे पाय शेकतात. या उपचाराला ‘चोपिंग’ म्हणतात. त्या दिवसांत पाहुण्यांना मनाई असते.

सगळे पाहून झाले तरी आमची धाकटी शोधतच होती. शेवटी तिने महावताला विचारलेच, “भाऊ, पिल्लू कुठं आहे?”

महावत थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “होती बाई. आता नाहीत.” २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत इथली पिले एकामागून एक दगावली होती. आदित्य आणि साई ही त्यांतली नावे. नाव घेताना त्या माणसाचा आवाज बदलला. लहान हत्तींना एक विषाणूचा आजार होतो, तो एक-दोन दिवसांतच जीव घेतो, असे आम्ही नंतर वाचले. पण तिथे उभे असताना आम्हाला आजाराचे नाव सुचले नाही. आमच्यातल्या आजी पुढे झाल्या आणि त्यांनी विचारले, “मग तिची माय?” महावत म्हणाला, “जेवत नव्हती. जागा सोडत नव्हती.” आजींची दोन लेकरे लहानपणीच गेली आहेत. त्या काही न बोलता तलावाच्या काठावर जाऊन बसल्या. मंगला हत्तीण समोर उभी होती. बराच वेळ दोघी तशाच.

मग महावत मुलांना घेऊन सावलीत बसला आणि हत्तीच्या पिलाविषयी सांगू लागला. हत्तीण जवळजवळ बावीस महिने पोटात पिल्लू वागवते. जन्मल्यावर पिल्लू शंभर किलोच्या आसपास भरते, पण असते अगदी अजाण. त्याला स्वतःची सोंड सांभाळता येत नाही, ती पायात येऊन ते पडते. दूध ते सोंडेने नाही, तोंडाने पिते. दोन वर्षे आणि पुढेही आईचे दूध चालू असते. कळपाची पुढारी एखादी वयस्क हत्तीण असते. पाणी कुठे आहे, कोणती वाट सुरक्षित आहे, हे तिला ठाऊक. चालताना पिल्लू मध्ये आणि मावश्या-आज्या दोन्ही बाजूंनी. आमच्या धाकटीने बांधीत पाहिले ते बरोबर तेच होते. मोठ्या पावलांच्या मधोमध लहान पाऊल.

“आणि माय मेली तर?” तिने विचारले.

“तर पिल्लू तिच्याजवळच उभं राहते. हटत नाही,” तो म्हणाला. “दूध तुटलं की थोड्या दिवसांत तेही जाते.”

तेव्हा आतापर्यंत गप्प बसलेले काका बोलले. हळू आवाजात, खाली पाहात. “करंट लागला तं काय होते, भाऊ?” महावताने त्यांच्याकडे नीट पाहिले. “पुढं चालते ती पहिली लागते. तीच तर रस्ता दाखवते. मागचे मग रात्रभर तिथंच फिरतात.” तो एवढेच बोलला. काकांनी पुन्हा काही विचारले नाही.

निघताना आणखी एक गोष्ट कळली. २०२२ साली या हत्तींना गुजरातमध्ये जामनगरला नेण्याचा प्रस्ताव होता. ताडोब्यातले आणि आलापल्ली वनविभागातले काही हत्ती त्या वर्षी गेलेही. पण कमलापूरच्या आजूबाजूच्या लोकांनी ‘आमचे हत्ती आम्ही देणार नाही’ असे ठासून सांगितले आणि इथले हत्ती राहिले. ज्यांच्या घरी दोन वेळची भाजी नीट नसते ती माणसे हत्तींसाठी उभी राहिली, याचे आम्हाला नवल वाटले आणि अभिमानही.

परत आलो आणि पुढच्याच महिन्यात, मार्च २०२३ मध्ये, वर्तमानपत्रात बातमी आली. ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ या आपल्या देशातल्या माहितीपटाला ऑस्कर मिळाले. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात थेप्पकाडू येथे हत्ती कॅम्प आहे. तिथले आदिवासी जोडपे बोम्मन आणि बेल्ली यांनी रघू नावाचे पोरके पिल्लू पोटच्या मुलासारखे वाढवले, त्याची ती कथा. रघू पोरका कसा झाला? त्याची आई विजेच्या धक्क्याने मेली. बातमी मोठ्याने वाचणारा आमचा पोरगा त्या ओळीवर थांबला. काका दारात बसून विळ्याला धार लावत होते. त्यांचा हातही थांबला.

पोरक्या पिलांना वाढवणारी ठिकाणे जगात थोडीच आहेत. आसामात काझीरंगाजवळ २००२ पासून असे केंद्र आहे. तिथे पुरात कळपापासून तुटलेली पिलेही येतात. श्रीलंकेत पिन्नवाला येथे १९७५ पासून हत्तींचे अनाथालय आहे. आफ्रिकेत नैरोबीला डॅफ्ने शेल्ड्रिक या बाईंनी वर्षानुवर्षे धडपडून पिलांना मानवेल असे दूध शोधून काढले. साधे गाईचे दूध त्या पिलांना पचत नाही. तिथले सेवक रात्री पिलाशेजारी झोपतात, कारण एकटे पिल्लू खंगते. शिवाय सेवक आळीपाळीने बदलतात. पिल्लाने एकाच माणसाचा लळा लावून घेतला आणि तो रजेवर गेला, तर पिल्लू खाणे सोडते म्हणून. एवढे सगळे करूनही कित्येक पिले हाती लागत नाहीत. हजार माणसांनी मिळून केले तरी एका आईची जागा भरत नाही, हे यातून समजते.

शेतकऱ्याचे नुकसान खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. आमच्या घरचा पुंजणा गेला तो आम्ही विसरलेलो नाही. जंगलाचे भले करायचे आणि त्याची किंमत मात्र गरिबाच्या धानाने चुकवायची, हा न्याय नव्हे. भरपाई पुरेशी मिळाली पाहिजे आणि वेळेवर मिळाली पाहिजे. म्हणून नुकसान झाले की त्याच दिवशी वनविभागाकडे तक्रार द्यावी, पंचनामा करून घ्यावा आणि कागदाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. चिखलात तुडवलेले धान उचलण्याआधी फोटो काढून ठेवावा. हक्काची वस्तू मागायला लाजू नये.

पण करंटची तार हा त्यावर उपाय नव्हे. तो कायद्याने गुन्हा आहे. शिवाय तार रात्रीच्या अंधारात रानडुक्कर, हत्ती की माणूस हे ओळखत नाही. पहाटे पाणी द्यायला किंवा मोहफुले वेचायला निघालेली माणसेही अशा तारांनी गेली आहेत. तारेने पोरके होणारे लेकरू कोणाचेही असू शकते.

त्या साली पावसाळ्यात काकांनी ते तारेचे बंडल माळ्यावरून काढले. आमच्या मनात धस्स झाले. पण त्यांनी आंगणात चार बल्ल्या रोवल्या, तार आडवी-उभी ताणून बांधली आणि त्यावर वालाचा वेल चढवला. कोणी काही विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. दिवाळीनंतर शेंगा आल्या तेव्हा आजूबाजूच्या घरीही वाटल्या.

आमच्या धाकटीने तान्हे पिल्लू अजून पाहिलेले नाही. पण ते जिथे कुठे असेल तिथे आईच्या पोटाखाली असावे, असे ती म्हणते. आमचेही आता तेच म्हणणे आहे.