दूध होतं, ऊन नव्हतं

आमच्या घरी सकाळची कटकट ठरलेली, दुधाच्या पेल्यावरून. लेक अकरा वर्षांची, ताडमाड वाढणारी. रात्री पोटऱ्या दुखतात म्हणून पाय चेपून घ्यायची आणि सकाळी दूध बघून नाक मुरडायची. "पोरीला कॅल्शियम कमी पडतंय," हा सासूबाईंचा निकाल. उंची वाढवणाऱ्या पावडरीही घरात आल्या. (त्यांतली साखर कुणी बघत नाही.)

वाशीच्या बालरोगतज्ज्ञांनी तिची मनगटं, गुडघे दाबून पाहिले आणि मलाच विचारलं, "ही उन्हात कधी असते?" मी गप्प. शाळेची बस दारातून, क्लास एसीत, आणि आमच्या नेरुळच्या सोसायटीत खेळ सातनंतर, दिव्यांखाली. बाल्कनीतलं ऊन काचेतून येणारं. ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते.

रिपोर्टमध्ये कॅल्शियम नॉर्मल, ड जीवनसत्त्व तळाला. मग काळजी कशाची? डॉक्टर म्हणाले, रक्तातलं कॅल्शियम शरीर सहसा घसरू देत नाही. कमी पडलं की हाडांतून उचलतं. ड नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलंच जात नाही. मनगटाच्या एक्स-रेत हाडाच्या टोकाशी काळी फट दिसली. मला वाटलं, हाड मोडलं! ती वाढीची कूर्चा निघाली. हाड लांब होतं ते तिथेच, आणि मग कॅल्शियम भरून टणक होतं. वयात आल्यावर काही वर्षांत ही फट बुजते, उंची थांबते.

डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाच्या पुड्या मोजून दिल्या. त्या मनाने वाढवायच्या नाहीत, हेही बजावलं.

आयसीएमआरच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे दहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ८५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पेलाभर दुधात साधारण २४० मिळतं, म्हणजे नुसत्या दुधावर भागवायचं तर साडेतीन पेले! शंभर ग्रॅम नाचणीत मात्र ३४०च्या आसपास. तिळाची चटणी तर लेक बोटं चाटून खाते. दिवाळे कोळीवाड्यातली माझी मैत्रीण म्हणाली, "जवल्याची चटणी दे गो तिला, कवचासकट पोटात जातो." नाचणीची भाकरी आणि कांदा घालून परतलेला जवळा आता आठवड्यातून दोनदा होतो. दुधाचा पेला अर्ध्यावर आला, कटकट संपली.

सोसायटीच्या कमिट्यांना एकच विनंती: सुट्टीच्या दिवशी सकाळी दहा-अकराला पोरं खाली खेळली, तर वॉचमन पाठवून त्यांना हाकलू नका.