टेम्सच्या पोटातली हाक

लंडनला धाकट्या भावाकडे गेले, तेव्हा त्याचे चिरंजीव सव्वादोन वर्षांचे होते. सोमवार ते शुक्रवार घर म्हणजे धर्मशाळाच! दोघेही नोकरीवर, मूल पाळणाघरात. म्हणून शनिवार उजाडला, की केळी, दुपटी, जादा कपडे असा सारा संसार बाबागाडीला लटकवून मंडळी बाहेर पडत.

त्या शनिवारी ग्रीनिचला निघालो. तिथली १६७५ सालची वेधशाळा आणि १८८४ च्या परिषदेने ठरवलेली शून्य रेखांशाची रेघ मला पाहायची होती. उत्तर तीरावरून जाताना टेम्सखालचा पादचारी बोगदा लागतो. दक्षिणेकडच्या कामगारांना पलीकडच्या गोद्यांत पायी जाता यावे, म्हणून तो १९०२ साली खुला झाला. लांबी सुमारे ३७० मीटर.

आठवडाभर मी बाळाला मराठी बोलायला लावत होते; पण कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या आत्याला पठ्ठ्याने दाद दिली असेल तर शपथ! बोगद्यात मात्र त्याला प्रतिध्वनी सापडला. आधी नुसत्या आरोळ्या, मग एकाएकी, "आत्याऽ!" पांढऱ्या फरशांच्या भिंतींनी ती हाक परत दिली. मग भाऊही ओरडला, "ताईऽ!" मामाच्या विहिरीत वाकून लहानपणी ओरडायचा, अगदी तसाच.

येरझाऱ्या घालता घालता वेधशाळा बंद व्हायची वेळ झाली.

"ताई, तुमची रेघ राहिली हो!" भावजय हळहळली.

"राहू दे," मी म्हटले, "ती भूगोलाच्या पुस्तकातही भेटते."