गडाच्या मैदानातील तंबू

कोलकात्याच्या प्रवासास निघालेल्या मराठी कुटुंबाची टिपणवही बहुधा घरीच भरलेली असते. कालीघाट, दक्षिणेश्वर, बेलूर मठ, जोडासाँको येथील ठाकुरवाडी, व्हिक्टोरिया स्मारक. ही स्थळे आपण अवश्य पाहावीत. परंतु वाचकहो, आपला प्रवास पावसाळ्यात घडला, तर त्या वहीत एका दुपारची जागा रिकामी ठेवावी, एवढीच माझी विनंती आहे. ती दुपार कोठे घालवावयाची, ते आता सांगतो.

गेल्या पावसाळ्यात मी, पत्नी आणि आमचे दहा वर्षांचे चिरंजीव असे तिघे हावड्यास उतरलो. तेथून एस्प्लनेडपर्यंत २०२४ साली सुरू झालेली भुयारी रेल्वे हुगळीच्या पात्राखालून जाते. आपण नदीखाली आहोत हे चिरंजिवांना समजावून सांगेपर्यंत नदी मागे पडलीही होती! एस्प्लनेडला वर आलो, आणि दाटीवाटीच्या त्या महानगरात एकाएकी पावसाने न्हालेले अफाट हिरवे मैदान समोर उलगडले.

बंगाली माणूस या मैदानाला 'गडेर माठ' म्हणतो. माठ म्हणजे मैदान. आणि 'गड' हा शब्द तर आपलाच. मात्र हा गड डोंगरावरचा नव्हे. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ साली, इंग्रजांनी हुगळीकाठी नव्या फोर्ट विल्यमचे बांधकाम आरंभिले आणि तोफांच्या माऱ्याआड काही येऊ नये म्हणून भोवतालचे रान तोडून जमीन उघडी ठेविली. त्याआधी, १७४२ साली, नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या धास्तीने या शहराने आपल्याभोवती 'मराठा खंदक' खणावयास घेतला होता. तो खंदक केव्हाच बुजला, त्याच्या बऱ्याच भागावरून रस्ता गेला. आणि मौज अशी, की त्या फोर्ट विल्यमला आता आपल्या कोकणकिनाऱ्यावरील विजयदुर्गाचे नाव देण्यात आले आहे. काळ कोणाला कोठे नेऊन बसवील, सांगता येत नाही.

तोफांसाठी राखलेली ती जमीन पुढे चेंडूच्या कामी आली. मैदान आजही सैन्याच्या ताब्यात आहे. तेथे पक्की इमारत उठविण्याची मोकळीक नाही, म्हणून फुटबॉलच्या क्लबांनी तंबू ठोकले. आता बहुतेकांना लाकडी भिंती आणि पत्र्याचे छप्पर आले आहे, पण नाव तंबूच राहिले. परक्याच्या जागेवर, उद्याची हमी नसताना, यांतील कित्येक बिऱ्हाडे शंभर वर्षांहून अधिक काळ टिकून आहेत. मुंबईच्या आझाद मैदानावरील क्रिकेटचे तंबू ज्यांनी पाहिले असतील, त्यांना या दृश्याची कल्पना सहज येईल.

येथील मोठ्या क्लबांची नावे आपण ऐकली असतीलच. २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा दोन विरुद्ध एक असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकणारा मोहन बागान, १९२० साली स्थापन झालेला ईस्ट बेंगॉल, आणि १९३४ ते १९३८ अशी लागोपाठ पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकणारा मोहमेडन स्पोर्टिंग. यांच्यासाठी कुंपणाची मैदाने आहेत, आणि मोठ्या सामन्यांसाठी सॉल्ट लेकचे विशाल क्रीडांगण आहे. पण आज आपणांस तिकडे जावयाचे नाही. १८९८ साली सुरू झालेल्या या लीगची उतरंड मोठी आहे. सर्वांत वर प्रीमियर विभाग आणि त्याखाली एकाखाली एक असे अनेक विभाग. त्या खालच्या विभागांतील सामने दुपारी उघड्या मैदानावर होतात. तेथे आपण चालू.

प्रथम आर्यन क्लबच्या तंबूवरून गेलो. या क्लबची स्थापना १८८४ सालची, म्हणजे मोहन बागानहूनही पाच वर्षे आधीची. उमेशचंद्र ऊर्फ दुखीराम मजुमदार यांनी येथे पोरे घडविली. शिक्षक म्हणून त्यांचे नाव मैदानात आजही आदराने घेतले जाते. १९४० साली याच आर्यनने मोहन बागानला हरवून शील्ड उचलली होती. पुढे तंबूंमागून तंबू लागतात. दारात वाळत घातलेली बनियने, चिखलाने माखलेले बूट, आत भिंतीवर पिवळी पडलेली छायाचित्रे, आणि बाकावर वर्तमानपत्र वाचीत बसलेले एखादे वयोवृद्ध गृहस्थ. मला तर कोल्हापूरच्या पेठांतील तालमीच आठवल्या. आमच्याकडे ज्या तालमींत मल्ल घुमले, त्याच तालमींच्या नावाने पोरे शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतात. तालमीचे नाव अंगावर चढले, की साध्या घरातला मुलगाही पेठेचा होतो. येथे तो तंबूचा होतो.

सामना सुरू झाला होता. मैदानाभोवती केवळ एक दोर आणि फक्कीच्या रेषा. त्याही पावसाने अर्ध्या पुसलेल्या. प्रेक्षक पन्नासही नसावेत. त्यांत छत्रीखाली उभी असलेली एक आई होती, एक झालमुडीवाला होता, आणि पंचाला अखंड सल्ला देणारे दोन निवृत्त सद्गृहस्थ होते. एका बाजूचा गोलरक्षक जेमतेम एकोणीस वर्षांचा, सडपातळ पोर. मध्यंतरापूर्वीच त्याच्यावर तीन गोल झाले. तरीही चौथ्या वेळी तो चिखलात असा झेपावला, की चेंडू बोटांनी खांबाबाहेर गेला आणि झालमुडीवाल्याने हातातला डबा खाली ठेवून टाळ्या वाजविल्या.

सामना संपल्यावर तंबूच्या उपाहारगृहात भाजलेला पाव आणि वाफाळलेला स्ट्यू घेऊन बसलो. मैदानातील तंबूंची ही जुनी ख्याती आहे. शेजारच्या बाकावर तोच गोलरक्षक येऊन बसला. हुगळी जिल्ह्यातून तो रोज लोकलने येई. पहाटे मामाच्या मासळीच्या गाळ्यावर काम, मग गाडी, मग सराव. मी महाराष्ट्रातला, असे कळल्यावर त्याने मोडक्या हिंदीत एकच प्रश्न केला, "दादा, तुमच्याकडे खेळावर नोकरी मिळते का?"

मला उत्तर सुचेना. माझा आतेभाऊ पेठेच्या संघाचा गोलरक्षक होता. चोविसाव्या वर्षी त्याने बूट माळ्यावर टाकले, कारण घर चालवावयाचे होते. या मुलाला काय सांगणार?

मग शेजारचे वयोवृद्ध गृहस्थच बोलू लागले. त्यांनी प्रदीपकुमार बॅनर्जी यांची गोष्ट काढली. जलपायगुडीत जन्मलेले, जमशेदपूरला वाढलेले हे खेळाडू १९५४ साली आर्यनमध्ये आले आणि पुढच्या वर्षी ईस्टर्न रेल्वेत गेले. तिन्ही मोठ्या क्लबांपैकी एकाकडूनही ते कधी खेळले नाहीत. १९५८ साली त्यांच्या रेल्वे संघाने लीग जिंकली. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते भारताचे कर्णधार झाले, आणि १९६२ साली जकार्ता येथील आशियाई सुवर्णपदकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी गोल केला. तिन्ही मोठ्या क्लबांबाहेरच्या संघाने लीग जिंकण्याचा योग त्यानंतर थेट २०१९ साली, पीयरलेसच्या विजयाने आला. मध्ये एकसष्ट वर्षे गेली!

"तेव्हा रेल्वे होती, पोलीस होते, कस्टम्स होते," गृहस्थ म्हणाले, "खेळणाऱ्याच्या ताटात भात पडे. आता जागा थोड्या आणि मुले फार." बंगालीत रिकाम्या खिशाला 'गडेर माठ' म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळले. क्लबचा खिसा तसाच, मुलांचाही तसाच. मुलगा ऐकत होता. मग तो उठला, बूट पिशवीत घातले, आणि "परवा पुन्हा सामना आहे" एवढेच सांगून लोकल गाठावयास निघाला.

"तीन गोल झाले तरी तो परवा येणार?" चिरंजिवांनी विचारले. मी त्यास म्हटले, "आपण चौथा पाहिला ना, जो झाला नाही?"

बाहेर पाऊस थांबला होता. माळीबुवा गोलापुढचा खड्डा टोपलीभर मातीने बुजवून पायाने दाबीत होते, कारण दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच दोन संघांचा सामना व्हावयाचा होता. आमच्या चिरंजिवांनी कोपऱ्यावरचे निशाण उपटून तंबूपर्यंत वाहून नेले आणि त्याबद्दल त्यांना माळीबुवांकडून एक पेपरमिंट मिळाले.

वाचकहो, मोठ्या क्रीडांगणात आपली एक टाळी साठ हजारांत हरवून जाईल. येथे मात्र ती मोजता येते, आणि ज्याच्यासाठी वाजली तो मान वळवून पाहतो. कोलकात्यास गेलात, तर एक दुपार या तंबूंना द्या. छत्री मात्र विसरू नका.