सारखे बक्षीस

जत्रेतल्या शर्यतीत मी मुलींत पहिली आले. मला वाटी मिळाली. मुलांत पहिला आला त्याला मात्र स्टीलचा मोठा डबा! अंतर तेवढेच होते की. मी घरी येऊन रडले.

मग गुरुजींनी बिली जीन किंग बाईंची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कला यू. एस. ओपन ही टेनिसची मोठी स्पर्धा भरते. १९७८ पासून ती कठीण मैदानावर होते, त्याआधी मातीवर आणि त्याही आधी गवतावर व्हायची. १९७२ साली बाई जिंकल्या, त्यांना १०,००० डॉलर मिळाले. पुरुष विजेत्याला २५,०००! सारखे बक्षीस नसेल तर पुढच्या वर्षी आम्ही येणार नाही, असे बाईंनी सांगितले. १९७३ साली दोघांना सारखेच मिळाले. त्या क्रीडासंकुलाला आता बाईंचेच नाव आहे.

यंदा मी शर्यतीआधीच विचारणार आहे. आई म्हणाली, "मी पण येते गं."