नाही म्हणण्याची मोकळीक

‘आम्ही जन्मानं ख्रिस्ती’ असं आमच्याकडची माणसं सहज म्हणून जातात. शाळेच्या दाखल्यावर तसं लिहिलेलंही असतं. पण ख्रिस्ती म्हणून जन्मता येतं का, याविषयी मला जुनीच शंका आहे. माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी तान्हा होतो आणि पाळकांच्या प्रश्नांना माझ्या वतीनं आईवडिलांनी होकार दिला. दृढीकरणाच्या वेळी तोच होकार मी स्वतःच्या तोंडानं दिला खरा; पण उत्तरं पाठ करून घेतलेली होती, अंगात नवा शर्ट होता आणि घरी मटण शिजत होतं. त्या दिवशी ‘नाही’ म्हणता येतं हे मला सुचलंसुद्धा नाही. मग मी निवडलं ते काय?

आम्ही नगर जिल्ह्यातले. या भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. पण गावकुसाबाहेरची घरंच्या घरं मंडळीत आली ती मुख्यतः १८७६-७८ च्या दुष्काळानंतर. त्यामुळे ‘धान्यासाठी बाटलेले’ हा टोमणा आम्हाला वारशात मिळालेला आहे. लहानपणी तो ऐकून मान खाली जायची. आता मला तो टोमणा अपुरा वाटतो. उपाशी माणसाच्या निवडीत भूक मिसळलेली असणारच, पण सन्मानाची भूकही भूकच असते. आणि पणजोबा भाकरीसाठी आले असं धरलं, तरी पणतू अजून तिथं का आहे याचं उत्तर त्या भाकरीत सापडत नाही.

उलट, तिथं राहण्याची किंमत मोजावी लागते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढं १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणून आमच्यात एक दुहेरी जगणं आहे, ज्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नाही: कागदावर एक धर्म, रविवारी दुसरा. मी त्या माणसांना नावं ठेवत नाही. सवलत गेली तर पोराचं शिक्षण थांबेल अशी वेळ ज्याच्यावर आलेली नाही, त्यानं निष्ठेवर प्रवचन देऊ नये. पण त्याच वाडीवस्तीवर कागदावरही ख्रिस्तीच लिहून नुकसान सोसणारी घरं आहेत. त्यांच्या बाप्तिस्म्याच्या तारखेपेक्षा मला तो अर्ज भरतानाचा क्षण मोठा वाटतो.

आपल्याकडे धर्मांतराच्या गोष्टी सांगताना सगळा भर त्या एका दिवसावर असतो. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला, हे आम्हाला पाठ आहे. उपासनेत त्यांची पदं गातच आम्ही मोठे झालो. पण माझं मन त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंपाशी जास्त रेंगाळतं. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत. वर्षानुवर्षं ताटातूट सोसली. परत एकत्र आल्यावरही सोवळंओवळं आणि वेगळं पाणी सुरूच होतं. त्या काळात पत्नीनं नवऱ्याच्या मागं निमूट जावं हीच रीत असताना ही बाई थांबली. मग राहुरीला एक दिवस, स्वतःशीच विचार करता करता, जातिभेद माणसानं केलेला आहे, देवानं नव्हे, हे त्यांना पटलं आणि तिथून सोवळं सुटलं. बाप्तिस्मा १९०० साली झाला. ‘स्मृतिचित्रे’त हे सारं त्या हसत हसत सांगतात, म्हणून त्यामागचा कणखरपणा वाचकाच्या नजरेतून निसटतो. टिळकांचा होकार झपाटलेल्या कवीचा होता. लक्ष्मीबाईंचा होकार आधी पुरतं नाही म्हणून पाहिलेल्या माणसाचा होता.

पंडिता रमाबाईंची वाट आणखी वाकडी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा वाद सुरू झाला. चर्च सांगतं म्हणून मानायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. सदसद्विवेक आपला आपण वापरायचा असतो, यावर त्या अडून राहिल्या. ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी मिळाला आणि ख्रिस्त त्यानंतर काही वर्षांनी, असं त्यांनी आपल्या साक्षीत पुढं कबूल केलं. पुण्यात शारदासदनातल्या मुली त्यांच्या खासगी प्रार्थनेला येऊन बसू लागल्या, तेव्हा शहरात गदारोळ झाला. दार लावून घ्या, असं सुचवलं गेलं. त्यांनी लावलं नाही. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. हा प्रसंग एका बाजूनं धर्मप्रसाराचा ठरवता येतो, पण मला त्यात दुसरंच दिसतं: उघड्या दारातून आत येता येतं, तसं उठून जाताही येतं.

माणसाची इच्छा मुळात मोकळी आहे का, यावर ऑगस्टिन आणि पेलागियस भांडले. इरॅस्मसनं १५२४ मध्ये तिच्या बाजूनं पुस्तक लिहिलं आणि ल्यूथरनं पुढच्याच वर्षी ती बंदिवान आहे असं ठणकावलं. मी पंडित नाही. दोघांचंही खरं असावं असं मला अनुभवावरून वाटतं. शेताच्या बांधावरून माझं आणि भावाचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. दर रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत, आम्ही जशी क्षमा करतो तशी आम्हाला कर, हे मी म्हणत होतो आणि घरी येऊन वकिलाला फोन करत होतो. क्षमा करावी असं मनापासून वाटे, पण पाय भावाच्या दाराकडे वळत नसत. आपल्याला हवं ते आपण करत नाही, नको तेच करतो, ही पौलाची रोमकरांस पत्रातली तक्रार मला तेव्हा कळली. शेवटी गेलो, ते माझ्या हिमतीवर गेलो की कृपेनं ढकललं, हे मला सांगता येणार नाही. पण पाय माझेच होते आणि ते न उचलण्याची मुभा उंबऱ्यापर्यंत शिल्लक होती.

शुभवर्तमानातला तो श्रीमंत तरुण आठवतो. सगळं विकून गरिबांना दे, असं येशूनं सांगितल्यावर तो खिन्न होऊन निघून गेला. येशूचं त्याच्यावर प्रेम होतं, असं मार्कनं मुद्दाम नोंदवलं आहे. तरी येशू त्याच्यामागं धावला नाही. अर्धंच विक, असं म्हणून त्यानं अट उतरवलीही नाही. मंडळीत याच्यावर प्रवचनं होतात ती पैशाच्या लोभाबद्दल. जाऊ देणाऱ्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, कारण जाऊ देणं आम्हाला आईबाप म्हणून, पाळक म्हणून, पंच म्हणून जमत नाही. हजेरी आम्हाला निष्ठेसारखी दिसते.

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. दृढीकरणाच्या वर्गाला ती दोनदा गेली आणि मग थांबली. नाव यादीत घालू का, असं पाळकांनी मला विचारलं. मी म्हटलं, तिला विचारा. तुमच्याही घरात असं मूल असेल, तर पाळकांना उत्तर तुम्ही देऊ नका.