मेळघाटची वनश्री

वऱ्हाड म्हटले की काळी जमीन, पांढरा कापूस आणि अंग भाजणारे ऊन एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. पण परतवाडा मागे टाकून मोटार घाट चढू लागली, की तेच वऱ्हाड निराळे रूप दाखवते. सातपुड्याच्या या गाविलगड रांगांत घाटांचा जणू मेळाच भरला आहे!

चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर. विदर्भात कॉफी पिकते हे ऐकून पुण्या-मुंबईच्या मंडळींना नवल वाटेल; पण ती येथे पिकते. जवळच गाविलगड आहे. १८०३ साली वेलस्लीच्या फौजेने तो घेतला. आज त्याच्या तटांवर गवताचे राज्य आहे.

श्रावणात सागाला पांढुरके तुरे येतात आणि दऱ्या धुक्याने भरतात. वैशाखात मात्र हेच रान पाने झाडून उघडे होते. मग ओढ्याकाठच्या जांभळींखाली तेवढी सावली उरते. सिपना, खापरा, गाडगा या नद्या येथलेच पाणी तापीला नेऊन देतात.

‘सिपना’ म्हणजे कोरकू भाषेत साग. १९७४ साली येथे व्याघ्रप्रकल्प झाला. वाघाला आसरा मिळाला, हे चांगलेच झाले. पण गाभ्यातली कित्येक कोरकू गावे उठून सपाटीला गेली. ज्यांनी नदीला झाडाचे नाव दिले, त्यांची नातवंडे ते झाड कोणत्या नावाने ओळखतील? चिखलदऱ्याला जाल तेव्हा धुके पाहाच. पण एखाद्या कोरकू म्हाताऱ्याला झाडांची नावेही विचारा.