आमच्या घरातले दोन टेस्टर

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर 'सीनिअर क्यूए अॅनालिस्ट' असं काहीतरी भारदस्त छापलंय. साध्या मराठीत टेस्टर. दुसऱ्यांनी रात्र रात्र जागून लिहिलेलं सॉफ्टवेअर मोडून दाखवायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. पप्पांकडेही एक टेस्टर आहे. पिवळ्या मुठीचा, निऑनवाला, कायम शर्टाच्या खिशात. आईने आजवर कितीतरी शर्ट त्या टेस्टरसकट धुतलेत.

तर एका गुरुवारी, ऐन रिलीजच्या गडबडीत, पप्पांचा फोन.

"या शनवारी येणार हाईस न्हवं? येताना तुझी ती कॉलेजची वही असंल तर आण. इलेक्ट्रिकलची."

"कशाला?"

"परीक्षा हाय."

"कुणाची?"

"माझी."

वय वर्षं एकोणपन्नास. मी हसले. चूक झाली. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

पप्पा दहावी अर्ध्यात सोडून उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात लागले, तिथून वायरिंगला. कळंब्याच्या आयटीआयसमोरून ते रोज सायकलने जायचे, आत कधी गेले नाहीत. नंतर वीसेक वर्षं एकाच कॉन्ट्रॅक्टरकडे. अर्ध्या कोल्हापुरातले बोर्ड त्यांना तोंडपाठ. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांचे वडील नातेवाइकांकडे गेल्यावर आधी मीटर बघतात.

आता नियम असा की, वायरिंगचं काम लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरमार्फतच व्हावं, त्यावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाची देखरेख असावी आणि प्रत्यक्ष वायर जोडणाऱ्याकडेही परवाना असावा. हे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होतं, २०१० च्या नियमांत आलं, २०२३ च्या नियमांतही आहे. आणि तरीही तुमच्या-माझ्या घरी फॅन लावायला येणाऱ्या काकांना आपण परवाना विचारलाय का कधी? पिझ्झावाल्याला ओटीपी देतो आपण!

पप्पांनाही कुणी विचारला नव्हता. मग २०१९ चा ऑगस्ट आला. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर पंचावन्न फूट ओलांडले (धोक्याची पातळी त्रेचाळीस), शाहूपुरीत होड्या फिरल्या. पाणी ओसरल्यावर पप्पा महिनाभर घरी फक्त झोपायला यायचे. एका अपार्टमेंटचं तळमजल्याचं सगळं वायरिंग त्यांनी बदललं. चिखल भरलेले पाइप धुतले, मीटरचे बोर्ड वर उचलले, प्रत्येक सर्किट मेगर लावून तपासलं. शेवटी टेस्ट रिपोर्ट झाला. त्या कागदावर काम दुसऱ्याच परवानाधारकाचं होतं. तो त्या बिल्डिंगमध्ये एकदाही आला नव्हता. पप्पा तेव्हा काही बोलले नाहीत. पण त्या रिपोर्टची झेरॉक्स त्यांनी जपून ठेवली होती, हे मला त्या शनिवारी कळलं. ती त्यांच्या परीक्षेच्या फाइलमध्ये सगळ्यात वर होती.

सरकारी मराठीत वायरमनला 'तारतंत्री' म्हणतात. पप्पांनी तो फॉर्म डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचला.

"तारतंत्री? ह्यो वीणा वाजवतोय का काय?"

फॉर्मबरोबर अनुभवाचा दाखला हवा होता. तो द्यायचा जुन्या कॉन्ट्रॅक्टरने. पप्पा तीन वेळा गेले. पहिल्यांदा साहेब साइटवर होते. दुसऱ्यांदा म्हणाले, "आता या वयात कशाला कागद तुला?" तिसऱ्यांदा दाखला मिळाला, आठ वर्षांचा. वीसमधली आठच. परीक्षेला तेवढी पुरतात, त्यामुळे भांडायला जागाही नाही. मी मात्र भांडायला निघाले होते. पप्पांनी दाखला घडी घालून फाइलमध्ये ठेवला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. अभ्यासाला बसूया."

मग माझे सगळे शुक्रवार एकसारखे झाले. लॅपटॉप बंद, रात्रीची एसटी, पहाटे कोल्हापूर, दुपारी क्लास. (ऑफिसमध्ये सगळ्यांना वाटत होतं मी मुलं बघायला जाते. वाटू दिलं.)

पहिलाच धडा माझा दात पाडणारा. मी ऐटीत विचारलं, पाच एचपीची थ्री-फेज मोटर किती करंट घेईल? आणि वहीत मांडायला बसले. पाच गुणिले ७४६, म्हणजे ३७३० वॅट. भागिले १.७३२, भागिले ४१५ व्होल्ट, पॉवर फॅक्टर ०.८, एफिशियन्सी ८५ टक्के... उत्तर ७.६ अँपिअर.

"साडेसात," पप्पा म्हणाले. मी अजून ४१५ वरच होते तेव्हा.

"कसं काय?"

"थ्री-फेजला एका एचपीला दीड. उसाच्या रानात कॅलक्युलेटर कोण घेऊन जातंय?"

पण परीक्षेत दीड म्हणून चालत नाही, पायऱ्या दाखवाव्या लागतात. तसंच अर्थिंगचं. प्लेट अर्थिंगला कोळसा आणि मीठ का घालतात? पप्पांचं उत्तर, "कोळसा ओल धरतो, मीठ करंटला वाट करून देतं." पुस्तकाचं उत्तर, 'मृदेचा विशिष्ट रोध कमी करण्यासाठी'. मला विचाराल तर पप्पांचं जास्त कळतं. तरी मी मास्तरणीसारखी पुस्तकातलं घोकून घेतलं. साठ बाय साठ सेंटिमीटरची प्लेट, जीआय असेल तर ६.३ मिलिमीटर जाड, तांब्याची असेल तर ३.१५. हे ते दर वेळी उलटं सांगायचे आणि स्वतःवरच चिडायचे.

एका प्रश्नावर मात्र मी पुस्तक मिटलं. एमसीबी असताना आरसीसीबी कशाला लावायचा?

"एमसीबी वायर वाचवतो. आरसीसीबी माणूस."

त्यात तीस मिलीअँपिअरचा आकडा घाला म्हटलं, बाकी एक अक्षर बदलू नका.

खरी अडचण पुस्तकात नव्हतीच. तिसऱ्या शनिवारी आम्ही प्रॅक्टिकलची तालीम करत होतो. प्लायवूडवर जिना वायरिंग, खाली एक स्विच, वर एक, दोन्हीकडून एकच दिवा. पप्पांनी बोलता बोलता जोडलं. मी परीक्षक होऊन म्हटलं, "सप्लाय बंद आहे का ते दाखवा." आणि त्यांचा उजवा हात उठला. बोटांची मागची बाजू टर्मिनलवर, अलगद. जशी आई दूध गरम झालंय का बघते तशी.

"पप्पा!"

"बंद हाय की."

"चालू असता तर?"

"मागनं लावला तर हात आखडून सुटतो. धरून बसत न्हाई." हे त्यांना रिवाइंडिंगच्या दुकानातल्या उस्तादाने शिकवलेलं. तीस वर्षं हात सुटत आलाय, म्हणून ते बरोबर. आमच्याकडे याला 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणतात आणि नेमका असाच माल कस्टमरकडे जाऊन आपटतो.

"मग टेस्टर लावा."

त्यांनी लावला. मी त्यांनाच त्यांचा किस्सा आठवून दिला. न्यूट्रल कुठेतरी तुटलेला असला, की सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो आणि फॅन काही फिरत नाही. म्हणजे निऑन सगळं खरं सांगत नाही. त्यातली निऑन नळीच गेली असेल तर? चालू वायरलाही तो बंद म्हणेल.

पुस्तकातली पद्धत अशी. टेस्ट लॅम्प आधी चालू सप्लायवर पेटवून बघायचा. मग जिथे काम करायचं तिथे लावायचा. मग पुन्हा चालू सप्लायवर. म्हणजे मधल्या वेळात दिवाच गेला नाही ना, हे कळतं. मला हे वाचून इतकं भारी वाटलं! मागच्या वर्षी आमच्या सगळ्या ऑटोमेटेड टेस्ट हिरव्या आल्या होत्या आणि दोन आठवड्यांनी कळलं, की त्या चालतच नव्हत्या. टेस्टरला आधी टेस्ट करा, ही अक्कल आम्हाला तेव्हा आली. पप्पांच्या पुस्तकात ती छापलेली होती.

पप्पांनी दिवा तीनदा लावून दाखवला. कंटाळून. पुढच्या बोर्डावर पुन्हा हात उठला. मग मी पट्टी घेऊन बसले, खरंच. हात उठला की टेबलावर पट्टी आपटायची. आई दारातून बघत होती. ती हसली नाही. रात्री भांडी आवरताना मला म्हणाली, "तुझ्या पट्टीला भ्यायला शिकू दे त्यांना. मी सांगून थकलो."

परीक्षा बुधवारी होती. मी पुण्यात, मीटिंगमध्ये, फोन मांडीवर. दुपारी अडीचला वाजला.

"झाली." मागे गाड्यांचा आवाज. "ओरलला मेगर विचारला. पाचशे व्होल्टचा, एक मेगओहमच्या वर पायजे, सगळं सांगितलं."

"आणि प्लेटची जाडी?"

"विचारलीच न्हाई. फुकट पाठ केली."

"प्रॅक्टिकल?"

"जिनाच आला." मग थोडा वेळ नुसता ट्रॅफिक. "सायेब म्हणले, सप्लाय बंद हाय का बघा."

"मग?"

"हात उचललेला. मग खिशात घातला."

"मग?"

"मग दिवा लावला की. तीनदा. आता ठेवतो, मिसळ आलीय."